शिंगे उतरवण्याचा विधी : विद्यापीठातील पहिल्या दिवसाचा इतिहास

१/ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जर्मन नगर हायडेलबर्ग. विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी आलेला एक मुलगा खोलीत बसला आहे. दोन जुने विद्यार्थी आत येतात आणि नाक मुरडतात. ही दुर्गंधी कसली? येथे एखादे जनावर तर शिरले नाही? मग त्यांना ते ‘जनावर’ दिसते : डोक्यावर शिंगे, ओठांबाहेर आलेले सुळे. ते जनावर म्हणजे तो नवा मुलगाच.

२/ हा प्रसंग ‘मानुआले स्कोलारियुम’ या लॅटिन पुस्तिकेत आहे. १४८१ च्या सुमारास ती छापली गेली. लेखकाचे नाव अज्ञात आहे. नवागताला लॅटिन संभाषण आणि विद्यार्थिजीवनाच्या रीती शिकवणे हा तिचा हेतू. प्रवेश, व्याख्याने, परीक्षा, जेवणाविषयीची कुरकुर, सारे काही संवादांच्या रूपाने येते. आजच्या भाषेत ती नवागतांची मार्गदर्शिकाच होय.

३/ अशा नवागताला ‘बेआनुस’ म्हणत. हा शब्द फ्रेंचमधील ‘पिवळी चोच’ या अर्थाच्या शब्दावरून आला. पिवळ्या चोचीचे म्हणजे नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू. मराठीत ‘ओठांवरचे दूध वाळले नाही’ म्हणतात, तोच भाव. पुढे विद्यार्थ्यांनी या शब्दाच्या अक्षरांची फोड करून ‘विद्यार्थ्यांचे जीवन न जाणणारा प्राणी’ असा लॅटिन अर्थही बसवला.

४/ या प्राण्याला माणूस करण्याच्या विधीचे नाव ‘डेपोझिशियो’, अर्थात उतरवणे. लटकी शिंगे करवतीने कापायची, सुळे पकडीने उपटायचे, दुर्गंधीयुक्त मलम फासायचे, कडू गोळ्या चारायच्या. मग जुन्या विद्यार्थ्यांपैकीच एकाने पुरोहित बनून नवागताकडून पापांची कबुली घ्यायची. प्रायश्चित्त ठरलेले असे : सर्वांना मेजवानी.

५/ हे सारे केवळ टवाळीखातर होते असे म्हणता येत नाही. मध्ययुगीन विद्यापीठ हा मुळात गुरुशिष्यांचा संघ होता. सुतारांचा किंवा विणकरांचा असावा तसा. संघात शिरताना विधी आणि भोजन ही त्या काळाची रूढी. घरापासून दूर आलेल्या, पुष्कळदा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या विधीमुळे एका दिवसात सोबती मिळत. अपमान हे त्या सोबतीचे मूल्य होते.

६/ हे मूल्य मात्र वाढत गेले. गरीब मुलाचे वर्षभराचे पैसे एका मेजवानीत उडू शकत. म्हणून पॅरिस विद्यापीठाने चौदाव्या शतकातच नवागतांकडून सक्तीने पैसे उकळण्यास मनाई केली. फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे तर १४४१ च्या सुमारास संत सेबास्टियनच्या नावाने चालणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघानेच या छळाविरुद्ध नियम केले. विरोधाचा स्वर विद्यार्थ्यांमधूनही उमटला, ही नोंद महत्त्वाची.

७/ जर्मन विद्यापीठांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी विधी बंद न करता तो आपल्या हाती घेतला. त्यासाठी अधिकारी नेमले. अनेक ठिकाणी विधी झाल्याचा दाखला प्रवेशासाठी आवश्यक ठरला. मार्टिन ल्यूथरसारख्या सुधारकानेही त्यात आयुष्यातील कष्टांची पूर्वतयारी पाहिली. छळाला अशा रीतीने नैतिक अर्थ मिळाला आणि संस्थेची मोहोरही.

८/ सतराव्या शतकात याहून कठोर प्रथा रुजली : ‘पेनालिझम’. आता एका दिवसावर भागत नसे. नवागताने सुमारे वर्षभर जुन्या विद्यार्थ्यांची चाकरी करायची, जुनेपुराणे कपडे घालायचे, मार निमूट सोसायचा. एकाच प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या संघटना ही प्रथा चालवीत. वर्ष संपले की त्याची ‘मुक्तता’ होई. पुढच्या वर्षी तोच नव्या मुलांना राबवून घेई. ज्याने सोसले त्यालाच सोसायला लावण्याचा हक्क मिळे. म्हणून प्रथा आपोआप टिकत असे.

९/ बंदीचे हुकूम निघत, पण निष्फळ ठरत. एका विद्यापीठाने काढून टाकलेला विद्यार्थी शेजारच्या विद्यापीठात सहज प्रवेश घेई. अखेर १६६० च्या दशकात अनेक जर्मन विद्यापीठांनी परस्परांत करार केले : एकाने हाकललेल्यास दुसऱ्याने घ्यायचे नाही. तेव्हा कोठे पेनालिझमचा कणा मोडला. डेपोझिशियोही अठराव्या शतकात हळूहळू लोपली.

१०/ नवागताच्या स्वागताची निराळी रीत अमेरिकेत आकारास आली. १९२३ मध्ये मेन विद्यापीठाने वर्ग भरण्यापूर्वीचा एक आठवडा केवळ नव्या विद्यार्थ्यांसाठी राखला. परिसर, अभ्यासक्रम, ग्रंथालय यांची ओळख करून देणारा हा ‘फ्रेशमन वीक’ पुढे इतर विद्यापीठांनीही उचलला.

११/ भारतात हाच प्रश्न रॅगिंगच्या रूपाने उभा राहिला. तामिळनाडूने १९९७ मध्ये व महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमध्ये झालेल्या मारहाणीने एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी विनियम आले.

१२/ या विनियमांत शिक्षेबरोबरच नव्या-जुन्या विद्यार्थ्यांच्या एकत्रित परिचय कार्यक्रमांचाही विचार आहे. २०१९ मध्ये आयोगाने ‘दीक्षारंभ’ ही प्रवेशार्थींसाठीची मार्गदर्शिका काढली. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत निवडलेले वरिष्ठ विद्यार्थी नवागतांच्या छोट्या गटांचे मार्गदर्शक असतात. कोणत्या कार्यालयात जावे, नापास झाल्यास काय करावे, घरची आठवण अनावर झाली तर कोणाशी बोलावे, हे वर्षा-दोन वर्षांनी मोठा असलेला विद्यार्थीच नेमके सांगू शकतो.

१३/ हायडेलबर्गच्या त्या पुस्तिकेत नवागताला वाट दाखवणारी पाने आहेत आणि त्याची शिंगे कापणारी पानेही आहेत. दोन्ही ठिकाणी सूत्रे जुन्या विद्यार्थ्यांच्याच हाती दिसतात. नवागताला त्यांची गरज तेव्हाही होती, आजही आहे. फरक उत्तरदायित्वाचा आहे. ज्याला कोणाला जाब द्यावा लागत नव्हता, तो करवत घेऊन आला. ज्याच्यावर जबाबदारी सोपवली गेली, तो सोबत करू शकला.