भिंतीवरची वारली कागदावर आली तेव्हा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि वारली आदिवासींचं डहाणू-तलासरी २०१४पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होते. तरीही या शहरांना वारली चित्रांची ओळख झाली ती मुंबईतल्या एका सरकारी केंद्रामुळे.

हे विणकर सेवा केंद्र १९५६मध्ये सुरू झालं. हातमागाला नवे नमुने मिळावेत म्हणून केंद्राच्या संस्थापक पुपुल जयकर यांनी तिथे चित्रकार नेमले. त्यांतले एक भास्कर कुलकर्णी. बिहारमधल्या १९६६-६७च्या दुष्काळात हस्तकला मंडळाने त्यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला आणि भिंतीवरची चित्रं विकली जाऊ लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच काम घेऊन ते वारली पाड्यांवर आले.

तिथे चित्र म्हणजे लग्नाचा चौक. शेणाने सारवून गेरू लावलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो काढतात. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. चौकात पालघट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्याशिवाय लग्न लागत नाही. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. सावली नाही, खोली नाही. दूरचं झाड वर आणि जवळचं खाली, इतकंच.

गंजाडचे जिव्या सोमा म्हशे पुरुष असून चित्रं काढत. सातव्या वर्षी आई गेल्यावर त्यांचं बोलणं थांबलं होतं. ते धुळीत रेघा ओढून सांगत. कागद मिळाला आणि हा माणूस विधीबाहेरचं सगळं काढू लागला. त्यांचं मासेमारीचं जाळं जवळून बघावं: केसाएवढ्या पांढऱ्या रेघांनी कागद भरत जातो आणि जाळं हलतंय असं वाटतं. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं, २०११मध्ये पद्मश्री मिळाली.

अमेरिकेत प्वेब्लो आदिवासींतले अवा त्सिरे यांच्यासारखे चित्रकारही असेच विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच जलरंग शिकले. त्यांच्या नाचणाऱ्या आकृतीही सपाट, मोकळ्या कागदावर उभ्या. मात्र १९३२मध्ये सांता फेच्या शाळेत डोरोथी डन यांनी वर्ग काढला आणि तीच सपाट शैली अस्सल म्हणून पुढच्या मुलांना शिकवली गेली. आपल्याकडे असा वर्ग निघाला नाही, हे मला या वाटचालीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. केंद्राचा माणूस कागद घेऊन आला. काय काढायचं ते पाड्यानेच ठरवलं.

बाजाराचं गणित मात्र सुटलेलं नाही. २०१४मध्ये डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. त्याने नावाला संरक्षण मिळतं. त्रिकोणी माणसं कापडावर छापणाऱ्याला थांबवणं त्याहून अवघड. म्हणून कुर्त्यावर, उशीवर वारल्यांचा तारपा नाच दिसतो आणि तो नाच मुळात ज्यांचा, त्या पाड्यावर त्यातला पैसा क्वचितच पोहोचतो. विकत घेताना काढणाऱ्याचं नाव विचारावं आणि ते चित्रावर लिहून घ्यावं. म्हशे १५ मे २०१८ रोजी गेले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू यांनीही हातात हीच काडी धरली.