ब्राशोव्हचा लाकातुश आणि स्टेआवाची वाटचाल

बुखारेस्टच्या स्टेआवा क्लबचा जन्म ७ जून १९४७ रोजी झाला. रुमानियाच्या शाही लष्करातील काही अधिकाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि जनरल मिहाईल लास्कर यांच्या सहीने स्थापनेचा आदेश निघाला. त्याच वर्षाअखेरीस राजे मिहाई यांना सिंहासन सोडावे लागले. राजवट बदलली, पण लष्कराचा क्लब टिकला. पहिल्या काही वर्षांत त्याचे नाव अनेकदा बदलले; १९६१ पासून तो ‘स्टेआवा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५१ ते १९५३ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्याने तोवर मिळवलीच होती. ९ एप्रिल १९७४ रोजी गेन्चा भागात क्लबचे स्वतःचे मैदान उभे राहिले आणि बेलग्रेडच्या ओएफके संघाविरुद्धच्या सामन्याने त्याचे उद्घाटन झाले.

पुढे मात्र ओहोटी लागली. १९७८ च्या विजेतेपदानंतर क्लबला सहा हंगाम लीग विजेतेपदाविना काढावे लागले. याच पडत्या काळात, १९८३ मध्ये, ब्राशोव्हहून एकोणीस वर्षांचा एक आक्रमक खेळाडू बुखारेस्टला आला. त्याचे नाव मारियुस लाकातुश.

लाकातुशचा जन्म ५ एप्रिल १९६४ चा. ब्राशोव्ह हे कार्पेथियन डोंगरांच्या कुशीतले कारखान्यांचे शहर, आणि तिथला फुटबॉल क्लबही ट्रक कारखान्याच्या आधाराने वाढलेला. त्या क्लबकडून खेळतानाच त्याने नाव कमावले. उजव्या बगलेवरून वाऱ्याच्या वेगाने धावायचे, बचावपटूच्या अंगावर थेट चाल करून जायचे आणि धक्का बसला तर दुप्पट जोराने परत यायचे, हा त्याचा खेळ. चाहत्यांनी त्याला ‘फियारा’, म्हणजे श्वापद, असे टोपणनाव दिले. रागीटपणाही त्याच्यात होता. पण स्टेआवाला तेव्हा असाच माणूस हवा होता.

१९८५ मध्ये विजेतेपद परत आले आणि युरोपियन चषकाचे दार उघडले. एमेरिक येनेई प्रशिक्षक होते, अँगेल योर्दानेस्कू त्यांचे सहायक. डेन्मार्कचा वायले, हंगेरीचा होनवेद, फिनलंडचा कूसूसी हे संघ मागे पडले. उपांत्य फेरीत बेल्जियमच्या अंडरलेख्टने पहिला सामना १-० असा जिंकला. परतीच्या सामन्यात, गेन्चाच्या मैदानावर, स्टेआवाने ३-० अशी परतफेड केली.

७ मे १९८६, अंतिम सामना. सेव्हिया शहर, समोर बार्सिलोना. मैदानावर जवळपास सारी गर्दी स्पॅनिश होती. रुमानियातून परदेशी जाणेच तेव्हा मोजक्यांच्या नशिबी असे. कर्णधार तुदोरेल स्टोइका निलंबनामुळे बाहेर होता. छत्तिशी गाठलेले सहायक प्रशिक्षक योर्दानेस्कू स्वतः बूट चढवून बदली खेळाडू म्हणून उतरले. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही आणि निकाल पेनल्टींवर गेला. स्टेआवाच्या मजारूचा फटका अडवला गेला, बोलोनीचाही. पण स्टेआवाचा गोलरक्षक हेल्मुट डुकाडामने बार्सिलोनाचे पहिले दोन्ही फटके परतवले होते. चार फटके होऊनही गुणफलक ०-० च होता. अशा वेळी लाकातुश पुढे आला. त्याने चेंडूवर सारा जोर काढला. चेंडू वरच्या दांडीला लागला आणि जाळ्यात गेला. त्या रात्रीचा तो पहिला गोल. डुकाडामने तिसरा फटका अडवला, गावरिल बालिंटने दुसरा गोल केला, डुकाडामने चौथाही अडवला. पूर्व युरोपातील क्लबने युरोपियन चषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या फेब्रुवारीत मोनॅकोत डिनामो कीव्हला हरवून सुपर चषकही आला.

या यशाला सावलीही होती. काही काळातच डुकाडामच्या हातात रक्तवाहिनीचा विकार उद्भवला आणि त्याची मोठ्या पातळीवरची कारकीर्द ऐन भरात थांबली. क्लबला लष्कराचे बळ होते आणि सत्ताधीशाचा मुलगा वालेंतिन चाउशेस्कूचा आश्रयही. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र युरोपच्या मैदानांवर तो आश्रय कामी येत नव्हता. १९८६ ते १९८९ दरम्यान लीगमध्ये सलग १०४ सामने हा संघ अपराजित राहिला. १९८९ मध्ये तो पुन्हा युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, पण तिथे मिलानने ४-० असा धुव्वा उडवला.

डिसेंबर १९८९ च्या क्रांतीनंतर सीमा खुल्या झाल्या आणि जवळजवळ सारा संघ पांगला. १९९० च्या विश्वचषकात बारी येथे सोव्हिएत संघाविरुद्ध लाकातुशने दोन गोल केले आणि रुमानियाने २-० असा विजय मिळवला. त्यानंतर इटलीत फिओरेंटिनाकडे एक हंगाम, स्पेनमध्ये ओव्हिएदोकडे दोन. १९९४ च्या विश्वचषक संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. तोवर तो स्टेआवाकडे परतला होता. त्याच्या सोबतीने क्लबने १९९४ ते १९९८ या सर्व वर्षांत राष्ट्रीय विजेतेपद राखले आणि सलग तीन हंगाम चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत मजल मारली. पुढे प्रशिक्षक म्हणूनही तो आला. २००८ मध्ये विजेतेपद अवघ्या एका गुणाने हुकले.

दरम्यान क्लबच्या अस्तित्वावरच घाला आला होता. १९९८ मध्ये फुटबॉल विभाग लष्करापासून वेगळा झाला आणि नंतर खासगी मालकीत गेला. नाव व चिन्ह कुणाचे, यावर खटला उभा राहिला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या बाजूने कौल दिला. २०१७ मध्ये खासगी संघाला नाव बदलावे लागले. त्याच वर्षी लष्कराच्या क्लबने स्वतःचा संघ पुन्हा उभारला, तोही थेट चौथ्या श्रेणीत. लाकातुश लष्कराच्या क्लबच्या बाजूने उभा राहिला. एप्रिल २०१८ मध्ये रापिड अकादमीविरुद्धच्या चौथ्या श्रेणीतील सामन्याला ३६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले.

२०२१ मध्ये हा संघ दुसऱ्या श्रेणीत पोचला आणि गेन्चाच्या जुन्या जागी सुमारे ३१ हजार आसनांचे नवे मैदान खुले झाले. १९७४ चा मान ठेवून पहिला सामना पुन्हा बेलग्रेडच्या ओएफकेशीच ठेवण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये डुकाडामचे निधन झाले. लाकातुशने स्टेआवासाठी जिंकलेली राष्ट्रीय विजेतेपदे दहा आहेत: १९८५ ते १९८९ ची पाच आणि १९९४ ते १९९८ ची पाच.