‘सेन्सर हलवू नका’: एका सूचनेमागचा इतिहास

१/ मायक्रोकंट्रोलरला जायरोस्कोप जोडून त्याची लायब्ररी चालवली की बहुधा पहिली सूचना हीच येते: काही क्षण सेन्सर हलवू नका. त्या क्षणी घाईने बोर्ड उचलणाऱ्याचे पुढचे सारे कोन चुकतात. या किरकोळ वाटणाऱ्या सूचनेमागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा झगडा आहे.

२/ १८५१ मध्ये लेआँ फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लांब लंबक टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी एकात एक बसवलेल्या कड्यांमध्ये वेगाने फिरणारे चाक बसवले. असे चाक आपल्या अक्षाची दिशा सोडत नाही. पृथ्वी मात्र त्याच्याखाली फिरत राहते. ‘फिरणे’ आणि ‘पाहणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून फूको यांनी यंत्राला नाव दिले: जायरोस्कोप.

३/ अडचण घर्षणाची होती. चाकाचा वेग काही मिनिटांतच मंदावे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे तेवढ्या वेळात हालचाल दिसणार जेमतेम अंश-दोन अंशांची. ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागे. शिवाय घर्षणाने अक्ष हळूहळू भरकटे. या भरकटण्यालाच तंत्रज्ञ ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जायरोस्कोपचा पुढचा इतिहास हा ड्रिफ्टशी चाललेल्या लढ्याचा इतिहास आहे.

४/ विजेच्या मोटरमुळे चाक अखंड फिरू लागले. पाणबुडीतून बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठण्याचे स्वप्न पाहणारे जर्मनीचे हेर्मान अन्शुट्झ-केम्पफे आणि अमेरिकेचे एल्मर स्पेरी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जायरो-होकायंत्रे घडवली. पोलादी जहाजात चुंबकीय होकायंत्र दगा देते. हे यंत्र गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या आधाराने खरी उत्तर दिशा शोधते. दोघांमधील पेटंटचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा तज्ज्ञ म्हणून अल्बर्ट आइनस्टाइन यांना पाचारण करण्यात आले होते.

५/ एमआयटीच्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी घर्षणावरच घाव घातला: जायरोस्कोपचा फिरता भाग त्यांनी द्रवात तरंगत ठेवला. १९५३ मध्ये त्यांच्या यंत्रणेने एका बी-२९ विमानाला मॅसॅच्युसेट्सहून लॉस एंजेलिसपर्यंत मार्ग दाखवला. त्या यंत्रणेचे वजन एक टनाहून अधिक होते.

६/ अपोलो यानांची दिशादर्शक यंत्रणाही ड्रेपर यांच्याच प्रयोगशाळेत आखली गेली. तिचे जायरोस्कोपही भरकटत. म्हणून अंतराळवीर ठरावीक काळाने ताऱ्यांचा वेध घेऊन ते पुन्हा जुळवत असत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली आणि नेमका हाच आधार गेला.

७/ मुख्य यानाची वीज संपत आली होती. जिम लव्हेल यांनी तिथले कोन हाताने गणित करून चांद्रयानाच्या यंत्रणेत उतरवले आणि आकडेमोड ह्यूस्टनकडून तपासून घेतली. बाहेर स्फोटाचे चमकणारे तुकडे तरंगत होते. त्यांतून तारे ओळखता येईनात. अखेर सूर्याचा वेध घेण्यात आला. सूर्य अपेक्षित जागी दिसला, जुळणी विश्वासार्ह ठरली आणि परतीसाठी इंजिन प्रज्वलित करता आले.

८/ आजच्या चिपमध्ये चाकच नाही. सिलिकॉनमध्ये कोरलेला सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. चिप वळली की, गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये मांडलेल्या परिणामामुळे तो आडवा ढळतो आणि ते ढळणे विजेच्या भाषेत मोजले जाते. चाकाचे घर्षण गेले, पण दिशा धरून ठेवणारा अक्षही गेला. हाती येतो तो केवळ वळण्याचा वेग.

९/ एमपीयू-६०५० ही आर्डुइनो वापरणाऱ्यांच्या परिचयाची चिप. तिची लायब्ररी आय-टू-सी या दोन तारांच्या मार्गावरून प्रत्येक अक्षासाठी दोन बाइट मागवते, ते जोडून १६ बिटांची संख्या बनवते आणि सेकंदाला ±२५० अंशांच्या पल्ल्यात त्या संख्येला १३१ ने भागते. उत्तर मिळते अंश प्रति सेकंद या एककात. कोन हवा असेल, तर हा वेग क्षणाक्षणाला बेरजेत धरत जावे लागते.

१०/ या बेरजेतच ड्रिफ्ट परतते. स्थिर चिपही नेमके शून्य दाखवत नाही. चूक सेकंदाला १ अंश असली, तरी मिनिटभरात हिशेब ६० अंशांनी चुकतो. म्हणून लायब्ररी आरंभी शेकडो नोंदी घेते, त्यांची सरासरी काढते आणि पुढच्या प्रत्येक नोंदीतून ती वजा करते. त्या क्षणी बोर्ड हलला, तर ती हालचालच ‘शून्य’ म्हणून नोंदली जाते.

११/ तापमानानुसार ही चूकही बदलते, त्यामुळे एकदाची वजाबाकी पुरत नाही. झुकाव सुधारण्यासाठी त्वरणमापकाकडून गुरुत्वाकर्षणाची दिशा घेतली जाते. आडव्या पातळीतील दिशेसाठी गुरुत्वाकर्षण निरुपयोगी. तिथे चुंबकीय सेन्सर लागतो. अपोलोच्या ताऱ्यांचे काम इथे या दोघांकडे आले आहे.

१२/ पृथ्वीच्या परिवलनाचा वेग सेकंदाला सुमारे ०.००४२ अंश आहे. या पल्ल्यात एमपीयू-६०५० ची सर्वांत लहान पायरी सुमारे ०.००७६ अंशांची. जे पाहण्यासाठी फूको यांनी जायरोस्कोप घडवला, ते या चिपच्या एका पायरीतही मावून जाते. आणि त्यातले जे काही नोंदींत उतरत असेल, ते लायब्ररी पहिल्या काही क्षणांतच चूक म्हणून वजा करून टाकते.