राजाची खुर्ची आणि डिकीतली खुर्ची

आपल्या हापिसातल्या खुर्चीला पाचसहा तरी खटके असतात आणि त्यातला उंचीचा सोडला तर कुणी एकालाही हात लावत नाही. पण ज्याला स्वतःच्या बळावर मान, पाठ किंवा कंबर सावरता येत नाही, त्याचा अख्खा दिवस या खटक्यांवर चालतो. गेले दोन-तीन विकांत या खुर्च्यांचा इतिहास उकरण्यात गेले.

सुरुवात थेट राजापासून. स्पेनचा दुसरा फिलिप म्हातारपणी गाउटने इतका जखडला की धड उभंही राहवेना. जेहान लेर्मीत नावाच्या दरबाऱ्याने त्याच्यासाठी खुर्ची बनवली, आणि तिचं १५९५ सालचं चित्र त्याच्या आठवणींच्या वहीत आजही आहे. मागे कलणारी पाठ, वर उचलता येणारा पायांचा आधार, हव्या त्या कोनात अडकवायला दातेरी पट्ट्या, वर घोड्याच्या केसांची गादी. थोडक्यात, एकाच गिऱ्हाइकाचं कस्टम सॉफ्टवेअर! बजेटची चिंता अर्थातच नव्हती.

पुढची सव्वातीनशेहून जास्त वर्षं मी एका उडीत ओलांडतो, कारण त्या काळात लोकांचं डोकं मुख्यतः चाकांत अडकलं होतं. खरी उलथापालथ झाली १९३०च्या दशकात, अमेरिकेत. हर्बर्ट एव्हरेस्ट १९१८ साली खाणीतल्या अपघातात अपंग झाला होता. त्याला गाडीत टाकून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. मित्र हॅरी जेनिंग्ज इंजिनियर. दोघांनी मिळून पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारखा सांधा असलेली घडीची खुर्ची काढली. आपल्या सरकारी इस्पितळांच्या व्हरांड्यात दिसते ती याच घराण्यातली.

आता गंमत बघा. घडी व्हायची तर बैठक कडक असून चालत नाही, म्हणून दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. कापड कालांतराने झोळीसारखं लोंबतं. झोळीत बसलं की मांड्या आत वळतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो. धडधाकट माणूस अर्ध्या तासात उठून जातो. ज्याला उठता येत नाही, त्याचं काय? त्याचा कणा वर्षानुवर्षं त्याच आकारात घडत जातो. खुर्ची डिकीच्या मापाची झाली आणि शरीराने खुर्चीचं माप घेतलं. हे कुणी दुष्टपणाने केलं नाही. एव्हरेस्टची गरज खरीच होती, फक्त ती सगळ्यांची गरज धरली गेली. बाजारावर त्या कंपनीची पकड अशी की १९७७ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीचा दावा ठोकला.

साधारण त्याच सुमाराला उत्तरं येऊ लागली होती. रॉबर्ट ग्रेब या इलेक्ट्रिकल इंजिनियरने (आपलाच बांधव!) एकमेकींना जोडलेल्या हवेच्या छोट्या पिशव्यांची गादी बनवली, म्हणजे दाब एकाच हाडावर येऊन जखम होत नाही. मग कडक बैठक, बाजूचे आधार, डोक्याचा आधार, हे सगळे सुटे भाग आले.

आणि टिल्ट आला. फिलिपच्या खुर्चीत पाठ वेगळी कलायची. तसं केलं की कंबरेचा कोन उघडतो आणि माणूस हळूहळू पुढे घसरतो. काहींचे स्नायू एकदम ताठरही होतात. टिल्टमध्ये बैठक आणि पाठ एकत्र कलतात. कोन तोच राहतो, भार मात्र बुडावरून पाठीवर जातो.

या इतिहासात मी पडलो त्याला कारण माझ्या मावसबहिणीची नऊ वर्षांची मुलगी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. एका दुकानदाराने ताईला सल्ला दिला, "मोठी साइझ घ्या, पोर वाढेल." शाळेचा गणवेश आहे का हा? रुंद खुर्चीत पोर एका बाजूला कलंडते आणि तेच वळण पक्कं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २०१३ साली जास्त आधार लागणाऱ्यांसाठी वेगळं प्रशिक्षण. तिथे खुर्ची निवडणं फार नंतर येतं. आधी माणूस तपासायचा. वाकलेला भाग हाताने अलगद सरळ होतो का? होत असेल तर खुर्चीने तो सावरायचा. होत नसेल तर जबरदस्ती नाही, आहे त्या आकाराला टेकू द्यायचा.

गेल्या महिन्यात एका थेरपिस्टने ताईसमोर हेच केलं. पोरीच्या कंबरेला दोन्ही हातांनी घट्ट आधार दिला, दुसऱ्या मदतनीसाने बरगड्यांशी एक हात धरला. पोरीची मान आपोआप वर आली, आणि ती खिडकीकडे बघायला लागली. मग प्रश्न सुरू झाले: जेवते कुठे, शाळेतला बाक किती उंच, लिफ्टचं दार किती रुंद, शाळेत जाते कशी?

शाळेत जाते रिक्षाने. टिल्टवाली खुर्ची रिक्षात मावत नाही, आणि घडीची मावते. सध्या ताईचं गाडं तिथेच अडलंय. शाळेत एक आणि घरी एक अशा दोन बैठका जमतील का, याचा हिशेब चालू आहे.