हरवलेल्या न्यूट्रिनोंची कुळकथा

विद्युतभार नसलेला आणि पदार्थातून सहसा कोणतीही खूण न ठेवता आरपार जाणारा न्यूट्रिनो हा कण वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये कल्पिला, आणि पुढे मूलकणांच्या प्रमाण सिद्धांताने त्याचे वस्तुमान शून्य धरले. या शून्याला पहिला धक्का देणारा प्रयोग मुळात त्यासाठी आखलेलाच नव्हता. तो करणाऱ्या रेमंड डेव्हिस यांना सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असल्याचा थेट पुरावा तेथून येणाऱ्या न्यूट्रिनोंतून हवा होता.

न्यूट्रिनो धडकल्यास क्लोरीन-३७ च्या अणूचे किरणोत्सारी आरगॉन-३७ मध्ये रूपांतर होते, ही युक्ती ब्रुनो पोन्तेकोर्व्हो यांनी १९४६ मध्ये सुचवली होती. वैश्विक किरणांचा मारा खडकाने अडवावा म्हणून डेव्हिस यांनी साउथ डकोटातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, ड्रायक्लीनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या परक्लोरोएथिलीनची सहाशे टनांहून मोठी टाकी बसवली. या द्रवातून ठरावीक काळाने हेलियम वायू खेळवून आरगॉनचे मूठभर अणू वेगळे केले जात आणि त्यांचा क्षय मोजला जाई. जवळजवळ तीस वर्षांत असे सुमारे २००० अणूच हाती लागले. यामागची चिकाटी विलक्षण आहे, कारण १९६८ च्या पहिल्या निष्कर्षापासूनच हा आकडा जॉन बाकॉल यांनी सूर्याच्या प्रतिमानावरून गणिताने काढलेल्या अपेक्षित आकड्याच्या सुमारे एक तृतीयांश भरत होता आणि संशय बहुधा प्रयोगावर किंवा त्या प्रतिमानावर घेतला जात होता.

न्यूट्रिनोंचे तीन प्रकार आहेत; ते वाटेत आपला प्रकार बदलत असावेत, ही शक्यता पोन्तेकोर्व्हो यांनीच मांडली होती. मात्र निर्वात अवकाशात असे होण्यासाठी न्यूट्रिनोंची वस्तुमाने परस्परांहून वेगळी असावी लागतात, म्हणजे सर्वच शून्य असू शकत नाहीत. वातावरणात वैश्विक किरणांमुळे निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने टिपले गेले होते. याच वातावरणीय न्यूट्रिनोंमध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाला १९९८ मध्ये प्रकारबदलाचा भक्कम पुरावा मिळाला. सौर न्यूट्रिनोंचा हिशेब २००२ मध्ये कॅनडातील सडबरी येथे जुळला: डेव्हिस यांच्या टाकीला इलेक्ट्रॉन प्रकारचेच न्यूट्रिनो कळत, तर तेथील हजार टन जड पाण्यात तिन्ही प्रकार मोजता आले आणि त्यांची बेरीज बाकॉल यांच्या गणिताशी जुळली.

तरीही या प्रयोगांतून वस्तुमानांच्या वर्गांतील फरकच कळतो. प्रत्यक्ष वस्तुमानाचा शोध जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे ट्रिटियमच्या क्षयातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून घेतला जात आहे.