कौल कोणाचा? परीक्षकांचा की प्रेक्षकांचा?

कलेचा निवाडा जाणकाराने करावा की जनसामान्याने, हा वाद फार जुना आहे. परंतु तो दोघांनी मिळून करावा आणि दोहोंच्या कौलांची बेरीज करून विजेता ठरवावा, ही प्रथा मात्र आपल्या डोळ्यांदेखत रूढ झाली. दूरचित्रवाणीवरील नामवंतांच्या नृत्यस्पर्धा हे तिचे ठळक उदाहरण होय. हा विषय करमणुकीचा म्हणून क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. जेथे लाखो लोक मत देतात, तेथे न्यायाचा प्रश्न उभा राहतोच.

या स्पर्धांचे मूळ इंग्लंडात आहे. बीबीसीवर 'कम डान्सिंग' हा हौशी नर्तकांचा कार्यक्रम १९९८ पर्यंत, जवळजवळ अर्धशतक चालला. पुढे मे २००४ मध्ये त्याच संस्थेने 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' सुरू केला. यात नट, खेळाडू, वार्ताहर अशी माणसे व्यावसायिक नर्तकाच्या जोडीने नाचतात. चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, आणि प्रेक्षक घरबसल्या मते देतात. थोड्याच वर्षांत ही कल्पना अनेक देशांत पोहोचली. अमेरिकेत ती २००५ साली गेली आणि आपल्याकडे २००६ साली 'झलक दिखला जा' या नावाने आली.

२००८ हे वर्ष या इतिहासात फार बोलके आहे. त्या वर्षी जॉन सार्जंट हे ज्येष्ठ राजकीय वार्ताहर स्पर्धेत होते. त्यांना नाचता येत नव्हते, हे लहान मूलही सांगू शकले असते. परीक्षक त्यांना आठवड्यामागून आठवडा तळाशी बसवीत आणि प्रेक्षक त्यांना आठवड्यामागून आठवडा वाचवीत. अखेर नोव्हेंबरात, आपण खरोखरच जिंकू की काय, ही धास्ती बोलून दाखवून ते स्वतःच बाहेर पडले. परीक्षक चिडले होते हे खरे. पण येथे अन्याय कोणता झाला? नियम सर्वांना ठाऊक होता, मते मोजली जात होती, आणि लोकांना सार्जंट आवडत होते. तक्रार होती ती लोकांच्या अभिरुचीविषयी.

महिन्याभरातच जे घडले ते निराळे होते. उपांत्य फेरीत तीन जोड्या उरल्या होत्या. परीक्षकांच्या क्रमानुसार पहिल्यास ३, दुसऱ्यास २ व तिसऱ्यास १ गुण, लोकमतालाही तसेच गुण, आणि तळाच्या दोन जोड्यांनी पुन्हा नाचावयाचे, असा नियम होता. त्या दिवशी रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांच्या जोड्यांना परीक्षकांनी सारखेच गुण दिले. म्हणून दोघींस ३-३, आणि टॉम चेंबर्स यास १.

आता आपणच हिशेब करून पाहू. लोकांनी टॉमला सर्वाधिक मते दिली तरी १ आणि ३ मिळून ४. लोकमतात दुसरी येणारीचे ३ आणि २ मिळून ५, तिसरी येणारीचे ३ आणि १ मिळून ४. म्हणजे काहीही झाले तरी टॉम तळाच्या दोघांतून सुटत नव्हता! त्याला वाचविण्यासाठी ज्यांनी पैसे मोजून दूरध्वनी केले, त्यांचे मत आरंभापासूनच व्यर्थ होते. तिसऱ्यास १ ऐवजी २ गुण देण्याचा नियम असता, तर हा पेच पडला नसता.

आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील दूरध्वनी-स्पर्धांतील गैरप्रकार उघडकीस येऊन मोठा गहजब झाला होता. तेव्हा चूक झाकणे परवडणारे नव्हते. बीबीसीने त्या फेरीत कोणासही बाद केले नाही. तिघांनाही अंतिम फेरीत घेतले आणि दिलेली मते पुढे धरली. आणि अंतिम फेरीत विजयी कोण झाला? टॉम चेंबर्स!

अमेरिकेतही हाच झगडा दिसतो. २००५ च्या पहिल्या स्पर्धेत केली मोनॅको विजयी झाली. निकालाविषयी इतकी कुरबूर झाली की सप्टेंबरात पुन्हा सामना ठेवून केवळ लोकमत घेतले गेले, आणि जॉन ओहर्ली जिंकला. २०१८ साली परीक्षकांकडून कमी गुण मिळवणारा बॉबी बोन्स लोकमताच्या बळावर विजेता ठरला. तेव्हा २०१९ साली तळाच्या दोन जोड्यांपैकी एकीला वाचविण्याचा अधिकार परीक्षकांस देण्यात आला.

तात्पर्य, उत्तम नर्तकच जिंकला पाहिजे, असा आग्रह धरावयाचा तर लोकांचे मत मागूच नये. मत मागितले की अनपेक्षित निकाल पत्करलाच पाहिजे; करमणुकीचा जीव त्या अनिश्चिततेतच आहे. मात्र मागितलेल्या प्रत्येक मताला निकाल बदलण्याची संधी हवी, आणि बेरजेची रीत आधी जाहीर हवी. सार्जंटच्या प्रकरणात लोकांची आवड परीक्षकांना रुचली नाही. टॉमच्या प्रकरणात लोकांचा शब्दच पोकळ ठरला. पहिल्याला आपण हसून सोडून द्यावे. दुसऱ्याचा जाब मात्र आपण विचारलाच पाहिजे, मग ते मत नाचासाठी असो वा अन्य कशासाठी.