वळिवड्याची छावणी : लढाईतून आलेली पोरं



कोल्हापूरकडच्या बायकांना गांधीनगर काही नव्यानं सांगायला नको. घरात लग्न ठरलं की बस्ता काढायला आपण तिकडंच जातो. साड्यांचे ढीग, शर्टपीसचे गठ्ठे, दुकानदार गल्ल्यावर बसून सिंधीत बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. पण हा बाजार उभा राहण्याआधी त्या जागेवर काय होतं, ते आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

ऐंशी वर्षांमागं तिथं एक परकं गाव वसलं होतं. जवळजवळ पाच हजार माणसं, आणि त्यांत बहुतेक बायका आणि पोरं. त्यांची भाषा पोलिश, देव येशू आणि देश पोलंड, म्हणजे इथून हजारो मैल लांब, युरोपात. वळिवडे गावाजवळची ही छावणी १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं होती. लढाईत सापडलेल्या पोरांना पुन्हा उभं करायला काय काय लागतं, हे आज आपण या छावणीच्या गोष्टीतून बघू.

गोष्ट सुरू होते १९३९ साली. १ सप्टेंबरला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचं सैन्य आत शिरलं. दोघांनी मिळून देश वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागात १९४० च्या फेब्रुवारीत, ऐन बर्फात, पहिली मोठी धरपकड झाली. रात्री-पहाटे दारावर थाप पडायची, सोबत बंदूकवाले शिपाई. थोड्या वेळात हाताला लागेल ते बांधून घ्यायचं आणि निघायचं. शेतकरी, जंगलखात्यातली माणसं, जुने सैनिक, त्यांच्या बायका, म्हातारी आणि तान्ही मुलं, सगळ्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून आठवडेच्या आठवडे प्रवास करवला. कुणाला सैबेरियात टाकलं, कुणाला उत्तरेच्या जंगलात, कुणाला कझाकस्तानच्या माळावर. तिथं बायकांनी लाकडं तोडली, शेतात राबल्या. जेवढं काम तेवढी भाकरी. ज्याला काम जमत नाही, म्हणजे लहान पोर आणि म्हातारं माणूस, त्याच्या वाट्याला कमी. पहिल्यांदा मेली ती हीच माणसं.

१९४१ च्या जूनमध्ये वारं फिरलं. जर्मनी रशियावरच चालून गेली. रशियाला आता पोलंडची माणसं आपल्या बाजूनं लढायला हवी होती. करार झाला, कैदेतल्या पोलिश लोकांना सोडायचं ठरलं, आणि दक्षिणेकडं पोलिश सैन्य गोळा होऊ लागलं. ते ऐकून बायका पोरं घेऊन निघाल्या. जिकडं आपलं सैन्य तिकडं अन्न मिळेल, एवढीच आशा. उझबेकिस्तानपर्यंत पोचताना टायफसचा ताप आला, जुलाब आले, उपास तर होताच. वाटेत कुणाची आई गेली, कुणाची आजी.

आता एक गोष्ट नीट ऐका. पोलिश लोकांनी तिथं अनाथाश्रम उघडले होते. नवरा सैन्यात किंवा बेपत्ता, स्वतःला ताप, हातात दाणा नाही, अशा आयांनी आपली जिवंत पोरं स्वतःच्या हातानं त्या दारात नेऊन सोडली. तिथं निदान तुकडा तरी मिळेल म्हणून. म्हणजे ज्यांना पुढं जग ‘पोलंडची अनाथ मुलं’ म्हणालं, त्यांतली सगळी अनाथ नव्हती. काहींची आई कुठंतरी जिवंत होती. बाप कुठल्यातरी पलटणीत होता.

१९४२ साली हे सैन्य आणि त्यांच्यासोबतची कुटुंबं इराणात आली. कॅस्पियन समुद्रावरच्या पहलवी बंदरात जहाजांनी एक लाखाहून जास्त माणसं उतरली. उतरल्या उतरल्या उवांमुळं डोकी भादरली, अंगावरचे कपडे जाळले. भरपूर खायला मिळालं, आणि कित्येक माणसं त्या खाण्यानंच दगावली. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या पोटाला तूपकट अन्न सोसत नाही. भुकेल्या पोराला हळूहळू, हलकं, थोडं थोडं द्यावं, हे बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय कळत होतं.

या माणसांना ठेवायचं कुठं? आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये, पॅलेस्टाइनमध्ये अशी ती पांगली. हिंदुस्थानात पहिली मुलं आली ती खुश्कीच्या वाटेनं. मुंबईहून मदतीचं सामान घेऊन गेलेल्या ट्रकांतून, डोंगर-वाळवंट ओलांडत. मुंबईला वांद्र्यात काही दिवस राहून ती गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला गेली. नवानगरचे महाराज जाम साहेब दिग्विजयसिंहजी यांनी समुद्राकाठच्या आपल्या जागेत त्यांच्यासाठी वसतिगृहं बांधली होती. इतर संस्थानिकांनी आणि लोकांनी पैसा उभा केला. मुलं जाम साहेबांना ‘बापू’ म्हणत. त्या मुलांनी म्हातारपणी सांगितलेली एक आठवण आहे. छावणीत सारखी पालकाची भाजी मिळायची, मुलं वैतागली आणि त्यांनी खाण्यावर बहिष्कार टाकला. महाराजांनी रागावण्याऐवजी आचाऱ्याला पालक बंद करायला सांगितलं. ज्या पोरांचं तीन वर्षांत कुणीच काही ऐकलं नव्हतं, त्यांचं ‘नको’ कुणीतरी ऐकलं. म्हणूनच एवढीशी गोष्ट त्यांनी जन्मभर जपून ठेवली असावी.

बालाचडी मुख्यतः मुलांची. वळिवडे मात्र कुटुंबांचं. १९४३ च्या उन्हाळ्यापासून इराणातून कराचीमार्गे गाड्या भरून माणसं आली. खर्चाचा भार लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारवर होता. कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या अंगाला, रेल्वेच्या जवळ बराकींच्या ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक घराला स्वतःची खोली आणि स्वतःची चूल. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा सुरू झाल्या. दवाखाना, चर्च, दुकानं, नाटकाचा रंगमंच झाला. मुलामुलींची स्काउट पथकं निघाली. शिकवणाऱ्या बाया स्वतःच निर्वासित होत्या. पुस्तकं अपुरी, तरी धडे पोलिश भाषेत चालायचे. ज्यांची छाती कमजोर झाली होती अशा मुलांची पाचगणीच्या हवेत सोय केली. आपल्याकडचे लोक दूध, भाजी, फळं घेऊन छावणीत जात. काही तिथं कामाला होते. पोरं थोडं थोडं इथलं बोलायला शिकली.

त्या बायकांचे नवरे आणि मोठी मुलं सैन्यात होती. ते सैन्य इटलीत लढत होतं. १९४४ च्या मे महिन्यात माँटे कॅसिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी घेतला. तिथं पुष्कळ माणसं पडली. त्याच इटलीत त्याच वर्षी आपली मराठा पलटणही लढत होती. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथंच धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे इकडं छावणीत एक बाई इटलीच्या पत्राची वाट बघत होती आणि मराठी मुलखातल्या खेड्यांत दुसऱ्या बायकाही त्याच इटलीच्या पत्राची वाट बघत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा आली नसती, पण पोस्टमन दिसल्यावर छातीत काय होतं ते दोघींनाही कळलं असतं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. त्याच १९४३ साली आपल्याच देशात, बंगालमध्ये, लाखो माणसं भुकेनं मेली. त्यांच्यातही पोरं होती. त्यांना बराक मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. वळिवड्याची पोरं वाचली ती लोकांच्या मनात दया होती म्हणून खरीच, पण एवढ्यानं भागलं नव्हतं. त्यांच्या मागं एक सरकार होतं, पैसा होता, याद्या होत्या, जबाबदार माणसं नेमली होती. बंगालच्या पोरांसाठी ते कुणी वेळेवर उभं केलं नाही. दया सगळीकडं असते, पोर वाचतं ते तिला व्यवस्थेचा हात मिळाला तर.

लढाई १९४५ ला संपली. पण या लोकांची गावं आता सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली होती. घर होतं, तिथं जायची वाट नव्हती. १९४६ साली बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्याला आली. रेड क्रॉसमार्फत नातेवाइकांचा शोध चालू होता. कुणाला बाप सापडला, कुणाला मावशी, कुणाला कोणीच नाही. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही लोक पोलंडला परतले, बरेचसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडं गेले. काही कोल्हापूरच्या मातीतच राहिले, त्यांच्या कबरी इथं आहेत.

बराकी मात्र फार दिवस मोकळ्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली. त्यांनी त्या जागेचं गांधीनगर केलं. एकाच छपराखाली दोन वेगवेगळ्या देशांतून उखडलेली माणसं लागोपाठ राहिली.

आता आपण आपल्यापुरतं यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, नाव आणि नातं. पोर सापडलं की त्याचं नाव, गाव, आईबापाचं नाव, भावंडं, ओळखीची खूण लगेच लिहून ठेवायची. भावंडांची ताटातूट करायची नाही. एकटं दिसलं म्हणून अनाथ ठरवून परस्पर कुणाच्या पदरात टाकायचं नाही. दारात पोर सोडून गेलेली ती आई आठवा.

दुसरी, दिवसाची घडी. उठायची वेळ, शाळेची घंटा, खेळ, जेवण, झोप. सगळं उलथून गेलेल्या पोराला उद्या सकाळी काय होणार हे ठाऊक असणं, हाच मोठा आधार. वळिवड्याला शाळा आधी उभ्या राहिल्या त्या उगाच नाही.

तिसरी, त्याची भाषा आणि त्याचा सण. आपली भाषा त्याला शिकवा, पण त्याची काढून घेऊ नका.

चौथी, खोदून विचारू नका. काय बघितलंस, कोण मेलं, असं पाहुण्यांसमोर वदवून घेऊ नका. त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा जवळ बसा आणि ऐका. अंथरूण ओलं केलं, भाकरी उशाखाली लपवली, फटाक्याच्या आवाजाला दडून बसलं, तर रागावू नका.

आणि पाचवी, त्याच्या आईला सावरा. आईच्या हाताला काम आणि चुलीला सरपण असलं की पोर अर्धं बरं होतं.

हे फक्त परदेशातलं नाही. आपल्याच राज्यात गडचिरोलीच्या जंगलात कैक वर्षं बंदुका चालल्या आणि मधल्यामधे पोरांचे हाल झाले. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की सशस्त्र संघर्षाची झळ लागलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे. त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं न्यायचं असतं. बंदी घातलेल्या हत्यारी टोळीनं मुलाला आपल्यात ओढलं, तर ओढणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत दोषी आहे तो ओढणारा. असं मूल गावात परत आलं तर त्याला ‘तिकडचा’ म्हणून टोमणे मारणं हा आपल्या हातून होणारा अन्याय ठरेल.

अडचणीतलं कुठलंही मूल दिसलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. ती कागदावर आहे की खरंच बसते, हे तुमच्या बचतगटाच्या पुढच्या बैठकीत विचारा. सरपंचांना विचारा, अंगणवाडीताईंना विचारा.

पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथं एका चौकाला भल्या महाराजांचं नाव दिलंय, जाम साहेबांच्या आठवणीसाठी. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे, १९९८ साली उभारलेला. वळिवड्यात वाढलेली पोरं म्हातारपणी परदेशातून येऊन तिथं फुलं ठेवत. पुढच्या वेळी बस्ता काढायला गांधीनगरला गेलात, तर पोरांना सोबत घ्या. येताना त्या स्तंभापाशी पाच मिनिटं थांबा आणि ही गोष्ट त्यांना तुमच्या शब्दांत सांगा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.